उसना कोड, आपली शीट

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. सोसायटीचे सचिव, शिक्षक, दुकानदार, संस्थांचे कार्यकर्ते, म्हणजे संगणक हा ज्यांचा व्यवसाय नाही अशा मंडळींनी, गुगल शीटच्या मागे पंधरा-वीस ओळींचा कोड लिहिला आहे किंवा कुणाकडून तरी आणून चिकटवला आहे. आता तो दुसऱ्याला द्यायचा कसा, किंवा दुसऱ्याचा आपल्याकडे चालवायचा कसा, हा त्यांचा प्रश्न आहे. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गुगल ॲप्स स्क्रिप्ट ही सोय २००९ पासून उपलब्ध आहे. शीट उघडून ‘एक्स्टेन्शन्स’ या मेनूतून ‘ॲप्स स्क्रिप्ट’ निवडले की कोड लिहिण्याची जागा समोर येते. भाषा जावास्क्रिप्ट असते आणि कोड आपल्या संगणकावर नव्हे, तर गुगलच्या सर्व्हरवर, आपल्या खात्याच्या अधिकाराने चालतो. खालच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या शेवटच्या गोष्टीत आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीची मेंटेनन्सची पावती गुगल शीटमधून निघते. रक्कम अंकांत टाकली की ती मराठीत अक्षरी उमटावी, यासाठी मी दोन वर्षांपूर्वी कोड लिहिला. आता शेजारच्या तीन सोसायट्या तो मागत आहेत. त्यांना शीटची प्रत द्यावी, कोडचा मजकूर पाठवावा, की लायब्ररी करून द्यावी?
— एका सोसायटीचे सचिव, डोंबिवली

उत्तर : मजकूर पाठवावा. शीटची प्रत देणे सर्वांत सोपे वाटते, कारण शीटला जोडलेला कोड प्रतीबरोबर आपोआप जातो. पण त्याबरोबर सभासदांची नावे, फोन क्रमांक, थकबाकी आणि आपण लपवून ठेवलेली पानेही जातात. लपवलेले पान प्रतीत लपलेलेच राहते खरे, पण ते उघडायला दोन क्लिक पुरतात. उलट जे जायला हवे ते जात नाही. दर महिन्याच्या एक तारखेला पावत्या पाठवणारा ट्रिगर, म्हणजे ठरल्या वेळी कोड आपोआप चालवणारी सोय, आपण लावला असेल, तर तो प्रतीत उतरत नाही. नव्या सोसायटीला तो स्वतःच्या खात्यातून पुन्हा लावावा लागतो. हे सांगायचे राहिले की पहिल्या तारखेला काहीच घडत नाही आणि दोष कोडवर येतो. प्रतच द्यायची असेल, तर आधी एक कोरा नमुना तयार करावा आणि तोच द्यावा.

लायब्ररीचा मार्ग, म्हणजे कोड एकाच ठिकाणी ठेवून इतरांच्या शीटनी तो तिथून वापरण्याचा, आपल्या बाबतीत मला जड वाटतो. आपले फंक्शन, म्हणजे नावाने हाक मारता येणारा कोडचा तुकडा, सेलमध्ये सूत्रासारखे लिहिले जात असणार. लायब्ररीतले फंक्शन सेलमधून थेट हाक मारून चालत नाही. प्रत्येक सोसायटीच्या शीटमध्ये लायब्ररीला हाक मारणारे एक छोटे फंक्शन लिहावेच लागते. शिवाय ज्या कोडमध्ये वर्षानुवर्षे बदल होणार नाही, त्यासाठी तीन सोसायट्यांना आपल्या खात्यावर अवलंबून ठेवण्यात अर्थ नाही. पन्नाशीतली संख्या मराठीत म्हणण्याची रीत पुढच्या वर्षी बदलणार नाही.

मात्र मजकूर पाठवण्यापूर्वी त्याचे दोन भाग करावेत. बहुतेकांच्या कोडमध्ये ‘पावती’ या नावाच्या पानावरचा अमुक सेल वाचणे, रकमेचे शब्द करणे आणि ते दुसऱ्या सेलमध्ये लिहिणे हे सगळे एकाच फंक्शनमध्ये कोंबलेले असते. दुसऱ्या सोसायटीच्या पानाचे नाव ‘बिल’ असते आणि तिथेच कोड कोसळतो. म्हणून एक फंक्शन असे असावे, ज्याला फक्त संख्या द्यायची आणि ज्याने फक्त शब्द परत करायचे. त्याला शीटचे नाव, सेलचा पत्ता, सोसायटीचे नाव यांपैकी काहीही ठाऊक नसावे. देण्यासारखा तुकडा तो हाच. त्याचा एक आडफायदाही आहे : सेलमध्ये सूत्रासारखे वापरले जाणारे असे फंक्शन कोणतीही परवानगी मागत नाही, त्यामुळे घेणाऱ्याला धास्ती घालणारा पडदा समोर येत नाही. फक्त अशा फंक्शनला ३० सेकंदांत काम उरकावे लागते, हे त्यांना सांगून ठेवावे. त्यांच्या शीटमध्ये दोनशे पावत्या असतील, तर दोनशे सेलमध्ये दोनशे वेळा हाक मारण्याऐवजी पूर्ण कॉलम एकदाच फंक्शनला देता येतो. मात्र तशी यादी स्वीकारण्याची तरतूद फंक्शनमध्ये आपण करून दिली पाहिजे.

कोडबरोबर तपासणीच्या संख्या पाठवणे मी कोडइतकेच आवश्यक मानतो. इंग्रजीसाठीचे तयार तुकडे वीसपर्यंतचे शब्द आणि दहांचे पाढे जोडून काम भागवतात; मराठीत एक ते नव्याण्णव यांतली प्रत्येक संख्या स्वतंत्र शब्द आहे, म्हणून यादीच द्यावी लागते. एकोणीस, एकोणतीस करत ‘एकोण’ची चाल एकोणनव्वदपर्यंत नेमाने चालते आणि ९९ला नव्याण्णव म्हणून मोडते, नियम बांधून यादी वाचवू पाहणारा तिथे हमखास फसतो. १००ला ‘शंभर’, पण १०१ला ‘एकशे एक’. १,२५,०५०ला ‘एक लाख पंचवीस हजार पन्नास’ आले पाहिजे. इंग्रजीवरून बेतलेला कोड इथे ‘एकशे पंचवीस हजार’ असे काहीतरी छापतो. पैशांचीही एक खोच आहे. जावास्क्रिप्टमध्ये १.१५ला १००ने गुणले, तर उत्तर ११५ नव्हे, ११४.९९९… असे येते. दशांश नुसता तोडला तर सभासदाचा एक पैसा गळतो, म्हणून आधी तो आकडा जवळच्या पूर्णांकावर आणावा. ०, १९, ८९, ९९, १००, १०१, ९९९, १,००,००१, १,२५,०५०, एक कोटी आणि १.१५ एवढ्या अकरा संख्या व त्यांची अपेक्षित अक्षरी रूपे टिप्पणीच्या, म्हणजे कोड म्हणून न चालणाऱ्या नोंदीच्या, स्वरूपात कोडच्या माथ्यावर लिहून पाठवा. घेणाऱ्याने चिकटवल्यावर त्या पडताळल्या, की आपल्याला रात्री फोन येणार नाहीत.

प्रश्न : शाळेच्या दाखल्यांसाठी एका परिचिताने बऱ्याच वर्षांपूर्वीचा कोड दिला. दाखल्यावर वर्ष २०२५ऐवजी १२५ असे छापले गेले. त्याच्याकडे म्हणे हाच कोड पूर्वी व्यवस्थित चालत होता.
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : परिचित खरे बोलत आहेत. ॲप्स स्क्रिप्ट आधी ऱ्हायनो नावाच्या इंजिनावर, म्हणजे कोड वाचून चालवणाऱ्या यंत्रणेवर, चालत असे. फेब्रुवारी २०२०मध्ये व्ही-८ हे नवे इंजिन आले. जावास्क्रिप्टमध्ये वर्ष विचारण्याचे जुने फंक्शन ‘गेट-इयर’ हे आहे. ऱ्हायनोत ते २००० नंतरच्या तारखांसाठी चार आकडी वर्ष देत असे, व्ही-८मध्ये ते प्रमाणानुसार वर्षातून १९०० वजा करून उत्तर देते. म्हणून १२५. ‘गेट-इयर’च्या जागी ‘गेट-फुल-इयर’ लिहा. दाखला दुरुस्त होईल. महिन्याचे फंक्शन मात्र दोन्हीकडे जानेवारीला शून्य मानते, त्यात एक मिळवावाच लागतो.

तारखांचा विषय निघालाच आहे, तर उसन्या कोडमधली आणखी दोन ठिकाणे पाहून घ्या. तारखेचा साचा लिहिताना वर्षासाठीचे इंग्रजी ‘वाय’ हे अक्षर लहान लिपीत चार वेळा हवे. मोठ्या लिपीत लिहिले तर ते आठवड्यानुसार मोजलेले वर्ष देते. वर्षभर सगळे बरोबर दिसते आणि ३१ डिसेंबर २०२४च्या दाखल्यावर २०२५ छापले जाते. महिन्यासाठी ‘एम’ मोठ्या लिपीत हवा, कारण लहान ‘एम’ म्हणजे मिनिटे. दुसरे ठिकाण म्हणजे प्रकल्पाचा (कोडच्या फाइलींच्या संचाचा) टाइमझोन. कोड ज्या प्रकल्पात चिकटवला त्याच्या सेटिंगमध्ये कोलकाता नसून अमेरिकेतले एखादे शहर असेल, तर आपल्याकडच्या मध्यरात्रीची १ एप्रिल ही तारीख तिथे ३१ मार्च ठरते. शाळेपेक्षा हिशेबनिसाला हे जास्त महागात पडते, कारण व्यवहार थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो.

प्रश्न : ग्राहकांना बिल मेलने पाठवणारा कोड इंटरनेटवरून घेतला. चालवताना तो माझ्या जीमेलमधील सर्व पत्रे वाचण्याची, पाठवण्याची आणि कायमची पुसण्याची परवानगी मागतो. त्याआधी ‘गुगलने हे ॲप पडताळलेले नाही’ असा इशाराही येतो. परवानगी द्यावी का?
— एक व्यावसायिक, नाशिक

उत्तर : आधी इशाऱ्याविषयी. साध्या जीमेल खात्यावर आपण स्वतः लिहिलेल्या कोडलाही हा इशारा येऊ शकतो; त्यावरून कोड वाईट ठरत नाही. पण त्यामुळेच लोकांना तो न वाचता पुढे जाण्याची सवय लागते, आणि ही सवय मला इशाऱ्यापेक्षा अधिक घातक वाटते.

परवानगीची यादी मात्र शब्दन् शब्द वाचावी. बिल पाठवायला पत्रे पुसण्याचा अधिकार कशाला हवा? बहुधा कोडच्या लेखकाने मेल पाठवण्यासाठी ‘जीमेल-ॲप’ ही सेवा वापरली आहे. ती पूर्ण पेटीचा ताबा मागते. फक्त पाठवायचेच असेल, तर ‘मेल-ॲप’ ही दुसरी सेवा पुरते आणि ती केवळ आपल्या नावाने मेल पाठवण्याची परवानगी मागते. कोडमध्ये ज्या ओळीवर मेल पाठवला जातो, तिथे सेवेचे नाव बदलून पाहा. पत्ता, विषय व मजकूर देण्याची पद्धत दोन्हींत सारखीच आहे. त्याचप्रमाणे फाइलच्या अगदी वर टिप्पणीत ‘ओन्ली-करंट-डॉक’ ही खूण, आधी ‘ॲट’चे चिन्ह घालून, लिहिली तर कोड आपल्या सर्व शीटऐवजी ज्या शीटला जोडला आहे तेवढ्याच शीटची परवानगी मागतो. या दोन दुरुस्त्यांनंतर परवानगीचा पडदा पुन्हा वाचा. फरक डोळ्यांना दिसेल.

यानंतरही कोडमध्ये तीन गोष्टी शोधा : बाहेरच्या पत्त्याला माहिती पाठवणारी ‘यूआरएल-फेच-ॲप’ ही सेवा, ड्राइव्हमधल्या फाइलींना हात घालणारी ‘ड्राइव्ह-ॲप’ ही सेवा, आणि ज्याचा अर्थच लागत नाही अशी अक्षरांची लांबलचक माळ. बिल पाठवणाऱ्या कोडमध्ये पहिल्या दोन असतील तर त्या कशासाठी आहेत हे कळल्याशिवाय, आणि तिसरी असेल तर मुळीच, तो चालवू नका. परवानगी देऊन झाली असेल, तर गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जोडलेल्या ॲपच्या यादीतून ती काढून घेता येते. जाता जाता : साध्या खात्यावरून ॲप्स स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांपर्यंतच मेल जातात. ग्राहक त्याहून जास्त असतील, तर पाठवलेल्या ओळींसमोर खूण करून उरलेले दुसऱ्या दिवशी पाठवण्याची सोय कोडमध्ये हवी. उसन्या कोडमध्ये ती क्वचितच असते.

प्रश्न : एका शीटमध्ये दोन ठिकाणांहून आणलेले दोन कोड वेगवेगळ्या फाइलींत चिकटवले. दुसरा टाकल्यापासून पहिल्याचा मेनू दिसेनासा झाला.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोन्हींत ‘ऑन-ओपन’ या नावाचे फंक्शन असणार. फाइली वेगळ्या दिसल्या तरी एका प्रकल्पातल्या सगळ्या फाइलींचे नावांचे रान एकच असते. एकाच नावाची दोन फंक्शने आली तर नंतरचे आधीच्याला झाकते आणि कसलीही चूक दाखवली जात नाही. दोन्हींची नावे बदला, आणि एकच ‘ऑन-ओपन’ लिहून त्यातून दोघांना हाक मारा. मेनू मोबाइलवरच्या शीट ॲपमध्ये तसाही दिसत नाही, तेव्हा पडताळणी संगणकावर करा.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या बारा केंद्रांच्या बारा शीट आहेत आणि प्रत्येकीत एकच कोड चिकटवलेला आहे. एक दुरुस्ती बारा ठिकाणी करताना दोन केंद्रे हमखास राहून जातात. यावर उपाय काय?
— एक कार्यकर्ती, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : डोंबिवलीच्या सचिवांना मी लायब्ररी नको म्हणालो, आपल्याला ती हवी. फरक असा, की आपला कोड बदलत राहतो आणि तो बदलण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे आहे.

कोड एका स्वतंत्र प्रकल्पात ठेवा. त्याच्या सेटिंगमध्ये मिळणारा स्क्रिप्ट आयडी प्रत्येक केंद्राच्या कोड-संपादकात डाव्या बाजूच्या ‘लायब्ररीज’ समोरच्या अधिक चिन्हावर क्लिक करून द्या, आवृत्तीचा क्रमांक निवडा आणि हाक मारण्यासाठी एक सुटसुटीत नाव ठरवा. केंद्राच्या शीटमध्ये मग चार-पाच ओळी उरतात. लायब्ररीतल्या फंक्शनला शीट बाहेरून हातात द्यावी, त्याने ती स्वतः शोधू नये. म्हणजे कोणत्या केंद्रासाठी काम चालले आहे याचा घोळ होत नाही. जी फंक्शने केंद्रांनी वापरायची नाहीत, त्यांच्या नावाच्या शेवटी खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोअर, द्या. ती बाहेरून दिसत नाहीत.

आवृत्तीविषयी मी आग्रही आहे. क्रमांकाऐवजी ‘हेड’ निवडले, तर आपण जतन केलेली प्रत्येक अर्धवट ओळ केंद्रांपर्यंत पोहोचते. ती सोय चाचणीच्या एका शीटपुरती ठेवावी. केंद्रांना क्रमांकाची आवृत्ती द्यावी. नवी बिघडली तर जुना क्रमांक पुन्हा निवडता येतो. होय, क्रमांक बदलायला बारा ठिकाणी जावे लागेलच, पण तिथे आकडा बदलायचा असतो, कोड नव्हे. आणि कोणते केंद्र मागे राहिले ते क्रमांकावरून लगेच कळते.

दोन अडचणी मात्र राहतात. शीट वापरणाऱ्या प्रत्येकाला लायब्ररी पाहण्याचा अधिकार द्यावा लागतो, आणि लायब्ररीमुळे कोड सुरू व्हायला थोडा अधिक वेळ लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लायब्ररी कुणाच्या खात्यात आहे? कार्यकर्ता संस्था सोडून गेला आणि त्याने ती पुसली किंवा अधिकार काढले, तर बाराही केंद्रे एकाच सकाळी बंद पडतात. ती संस्थेच्या खात्यात ठेवा.

प्रश्न : पुण्यातील नातेवाइकांच्या शीटमध्ये चालणारा बेरजेचा कोड आमच्याकडे बेरीज न करता सगळे आकडे एकापुढे एक जोडतो. आम्ही आकडे मराठीत लिहितो. त्याचा संबंध आहे का?
— एक दुकानदार, पंढरपूर

उत्तर : आहे. आपला १२ हा जावास्क्रिप्टच्या लेखी मजकूर आहे, संख्या नव्हे. अधिक चिन्हाच्या एका बाजूला मजकूर असला की ते बेरीज करत नाही, चिकटवते. आणि मजकुराची संख्या करायला सांगितले, तर देवनागरी अंक पाहून ‘ही संख्या नाही’ असे उत्तर देते. उपाय लहान आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी शून्य ते नऊ यांचे क्रमांक २४०६ ते २४१५ आहेत, इंग्रजी अंकांचे ४८ ते ५७. म्हणजे प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले, की त्याचे इंग्रजी रूप मिळते. हे करणारे तीन ओळींचे फंक्शन लिहा, त्यातच हजार-लाखांचे स्वल्पविरामही काढून टाका, आणि बेरजेपूर्वी प्रत्येक सेल त्यातून गाळून घ्या. मूळ कोडला हात लावू नका. नातेवाइकांनी उद्या सुधारित कोड पाठवला, तर आपला हा गाळणीचा तुकडा तसाच पुढे जोडता येईल.

नावे जुळवणाऱ्या कोडमध्येही असाच एक दगा असतो. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हाने किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन चिन्हांनी लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, कोडला वेगळी. तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजूंना ‘नॉर्मलाइज’ हे, अक्षरे एकाच रूपात आणणारे, फंक्शन लावले की ‘गोऱ्हे’ आणि ‘गोऱ्हे’ एकच ठरतात.

प्रश्न : इंटरनेटवर सापडलेला कोड शिक्षकांच्या गटात वाटला तर चालतो का? तो सगळ्यांसाठी खुला असतो ना?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : दिसतो खुला, पण वाटण्याचा हक्क त्याबरोबर येतोच असे नाही. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामचा समावेश साहित्यकृतींत होतो. लेखकाने परवाना जाहीर केला नसेल, तर हक्क त्याच्याकडेच राहतात. ॲप्स स्क्रिप्टच्या अधिकृत मार्गदर्शिकेतले नमुने अपाचे २.० या परवान्याने दिलेले आहेत, म्हणजे अटी पाळून ते वापरता व वाटता येतात. एमआयटी परवाना असेल, तर हक्काची मूळ नोंद आणि परवान्याचा मजकूर कोडबरोबर ठेवावा. स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या उत्तरांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा असा परवाना असतो, की त्यात श्रेय देणे आणि बदललेली कृती त्याच परवान्याने देणे बंधनकारक आहे. दोन ओळींच्या सूत्रासाठी एवढे कुणी पाहत नाही हे खरे. तरीही कोडच्या माथ्यावर दुवा, लेखकाचे नाव आणि घेतल्याची तारीख या तीन गोष्टी लिहाव्यात असे माझे मत आहे, आणि त्यामागचे कारण कायद्यापेक्षा व्यवहाराचे आहे : कोड बिघडला की तो कुठून आणला होता हे आठवत नाही.

प्रश्न : एसएमएस पाठवणारा कोड मित्राला दिला आणि त्यात माझ्या खात्याची कळ, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त अक्षरांची माळ, तशीच राहिली. मित्राला ती पुसायला सांगितले आहे. पुरेसे आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. एसएमएस सेवेच्या खात्यात जाऊन ती कळ आजच रद्द करा आणि नवी घ्या. मित्राने पुसली तरी ती आधी कुठेकुठे पोहोचली असेल ते सांगता येत नाही. नवी कळ कोडमध्ये न लिहिता प्रकल्पाच्या सेटिंगमधील ‘स्क्रिप्ट प्रॉपर्टीज’मध्ये ठेवा आणि कोडने ती तिथून नावाने मागावी, म्हणजे मजकूर पाठवताना कळ सोबत जाणार नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवा, की ज्याला त्या शीटमध्ये बदल करण्याचा अधिकार आहे, त्याला तिच्यामागचा प्रकल्प उघडून ती कळ वाचता येते. कळ लागणारा कोड त्यामुळे सर्वांच्या शीटला न जोडता आपल्याकडे स्वतंत्र प्रकल्पात ठेवावा.